गावच्या चर्चचा इतिहास लिहायचाय स्मरणिकेसाठी, कुठून सुरुवात करू?

कळवेकर_नेवासेवाला

नमस्कार मंडळी (दोन्ही अर्थांनी घ्या, चर्चच्या लोकांना पण मंडळीच म्हणतात).

मी राहतो कळव्याला, मूळ गाव नेवासा तालुक्यात, जिल्हा नगर, आता अहिल्यानगर म्हणायचं. वडील ७२ च्या दुष्काळानंतर ठाण्याला आले, वागळे इस्टेटला कंपनीत लागले, आम्ही भावंडं इथंच वाढलो. गाव म्हणजे आमच्यासाठी नाताळ आणि हंगामाचा सण (चर्चमधला, नव्या पिकाचा), बाकी वर्षभर फोनवर. तर गावच्या चर्चला यंदा शंभर वर्षं होतायत असं वडील मंडळी म्हणतायत (म्हणजे माझे वडील नाही, चर्चचे वडील, कमिटीवाले) आणि स्मरणिका काढायचं ठरलंय. आणि मी "ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो" म्हणून इतिहासाची आठ पानं माझ्या गळ्यात मारलीत.

माझ्याकडे आहे ते एवढंच. एकाच जागेवर तीन इमारती झाल्या. पहिली मातीच्या भिंतींची, दोन खणांची, धाब्याची, आजी सांगायची की पावसाळ्यात उपासना चालू असताना पाळकसाहेबांच्या डोक्यावर गळायचं आणि ते तसेच बोलत राहायचे. दुसरी दगडी, वर पत्रे. तिसरी आत्ताची, स्लॅब, टाइल्स, सात वर्षांपूर्वीची, तिची पत्रिका आहे माझ्याकडे. दगडी इमारतीची कोनशिला नव्या भिंतीत बसवलीये पण तिच्यावर दर नाताळला चुना आणि मग डिस्टेंपर मारून मारून अक्षरं भरून गेलीत, साल वाचता येत नाही. रजिस्टर एक आहे, अर्धं वाळवीने खाल्लंय. सुरुवातीला सात घरं होती म्हणतात, आता नाताळला आत जागा नसते, मांडव घालतो.

प्रश्न दोन. एक, शंभर वर्षं हे खरं का ते कसं शोधू? दोन, हे सगळं लिहू कसं, कारण मागच्या स्मरणिका बघितल्या बाकी गावांच्या, त्यात नुसती पाळकांच्या नावांची यादी आणि पुढाऱ्यांचे शुभेच्छा संदेश.

---

तलावपाळी_बाजूला

भाऊ आधी एक ठरव, शंभर वर्षं कसली? भिंतीची का माणसांची? दोन्ही वेगळ्या असतात आणि सगळा घोळ इथंच होतो.

मी ठाण्यातला ईस्ट इंडियन, म्हणजे इथला मूळचा कॅथलिक, आमचं चर्च तलावपाळीचं सेंट जॉन बाप्टिस्ट, कळव्यावरून स्टेशनला आलास की तू पण बघतच असशील. लोक विचारतात किती जुनं, आम्ही म्हणतो पोर्तुगीज काळातलं, संपला विषय. वसईचा तह १५३४ चा, त्यानंतर साष्टीभर (म्हणजे ठाणे-मुंबई उपनगरांचं बेट) फ्रान्सिस्कन आणि जेझुइट फादर आले आणि चर्चं बांधली, बरोबर. पण ठाण्यात ख्रिस्ती माणूस त्याच्या दोनशे वर्षं आधी होता! १३२१ साली चार फ्रान्सिस्कन इथं ठाण्यात मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि बाकी तिघं, आणि ते उतरले होते ते इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबाकडे, नेस्टोरियन म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाचे. म्हणजे घर होतं, बाई होती, पुरुष होता, भांडण पण होतं त्यांच्यात (नवऱ्याने बायकोला मारलं आणि त्या कज्ज्यातूनच प्रकरण काझीपर्यंत गेलं असं वर्णन आहे). त्यांच्यासोबतचा जॉर्डन त्या वेळी बाहेर होता म्हणून वाचला, त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं, पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी पार चीनला घेऊन गेला. त्या काळातली एक वीट आज दाखवता येणार नाही ठाण्यात. पण माणसं होती ना?

आणि उलटं पण होतं. १७३७ ला मराठ्यांनी ठाणं घेतलं, ३९ ला वसई पडली, पोर्तुगीज फादर गेले, कितीतरी चर्चं ओस पडली, पण घरं राहिली आणि इथल्याच मातीतल्या फादरांनी ती सांभाळली. मग १७७४ ला इंग्रज आले, १८२५ ला बिशप हेबरने ठाण्यात इंग्रजांसाठीचं सेंट जेम्स चर्च उघडलं. एका शहरात दोन चर्चं, दोन वेगळ्या मंडळी, आणि एकमेकांशी संबंध शून्य.

तुमच्याकडे पण आधी माणसं आली असणार, भिंत नंतर. आमच्या गावठाणात अजून जागोजाग कुरीस (क्रूस) आहेत, १८९६ नंतर प्लेगच्या साथीत बरेच उभे राहिले, संध्याकाळी तिथंच तेर्स (जपमाळेची प्रार्थना) व्हायचा. त्याला छप्पर नाही म्हणून काय ती प्रार्थना मोजायची नाही? तू गावात म्हाताऱ्यांना असं विचार की इमारत नव्हती तेव्हा कुठं बसायचे. पार, ओटा, कोणाची पडवी, काहीतरी निघेल.

---

गप्पबस्या

कोनशिला खरवडू नका प्लीज. आमच्याकडे एकाने पटाशीने खरवडली आणि अक्षरांसकट गेली. रात्री जा, मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटून एका बाजूने तिरका मारा, समोरून नाही. खाचांची सावली पडते, वाचता येतं. फोटो पण तसेच काढा, चारही बाजूंनी.

---

नगरची_लेक_ठाण्याची_सून

अरे नेवाशाचा! मी वडाळ्याजवळची (मुंबईचं नाही, नेवाशाकडचं), माहेर. आता राहते वर्तकनगरला.

थोडं मागचं सांगते म्हणजे तुला तुझं गाव कुठं बसतं ते कळेल. अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले १८१३ ला, नगरला त्यांनी बस्तान बांधलं १८३१ ला, ते मराठी मिशन. नगरहून मग खेडोपाडी. आता हे नीट ऐक कारण स्मरणिकेत सगळे इथंच चुकतात, खेड्यात मिशनने आधी चर्च नाही बांधलं. आधी शाळा. तीही बहुतेक ठिकाणी महारवाड्यात नाहीतर मांगवाड्यात, कारण गावच्या शाळेत आपल्या पोरांना घेत नव्हते, घेतलं तर बाहेर ओट्यावर. मास्तर एक, तोच आठवडाभर पाढे शिकवणार आणि रविवारी तोच उपासना घेणार. बायको त्याची बायकांना अक्षरं शिकवणार, बायबलबाई म्हणायचे. म्हणून तुझी ती दोन खणांची धाब्याची खोली, माझी खात्री आहे ती शाळाच होती. चर्च असं कोणी म्हणतच नसेल तिला, आमच्याकडे माझी आजी मरेपर्यंत "साळंत चाललेय" म्हणायची उपासनेला जाताना!

आकड्यांबद्दल पण सांगते. मिशनचे जुने रिपोर्ट मिळाले तुला तर त्यात तुमच्या गावापुढे छोटासा आकडा दिसेल आणि तुझे कमिटीवाले म्हणतील एवढेच? तर ते प्रभुभोजनात (भाकर-द्राक्षरसाच्या विधीत) भाग घेणाऱ्यांचे आकडे असतात, पोरंसोरं त्यात नाहीत, बाप्तिस्मा झालेले पण प्रभुभोजनाला अजून न घेतलेले त्यात नाहीत, नुसते येऊन बसणारे तर कुठंच नाहीत. त्यामुळं कोणत्या वर्षाचा कोणता आकडा ते लिही, नाहीतर एकदम मंडळी दुप्पट झाली असं वाटेल आणि खरं म्हणजे मोजणाराच बदललेला असेल.

वाढ कधी झाली हे पण विचार. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात खूप लोक आले मंडळीत. पोटासाठी आले असं टोमणा मारणारे तेव्हाही होते, आताही आहेत. मला विचारशील तर ज्याला पाणवठ्यावर पाणी भरू देत नव्हते त्याने कुठं जावं हे त्याला विचारायला कोणी आलं नव्हतं. असो. विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

एक नाजूक गोष्ट. बाप्तिस्मा रजिस्टरची पानं फोटो काढून तशीच छापू नको. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत, पुढे शीख आले त्यात १९५६ ला, बौद्ध १९९० ला, आपण अजून नाही. त्यामुळं कितीतरी घरांत कागदावरचं नाव-धर्म एक आणि रविवारचं एक असं आहे. तुझ्या आठ पानांपायी कोणाच्या पोराचा दाखला अडकायला नको. आजोबा-पणजोबांची नावं घाल, तीही घरी विचारून.

---

कळवेकर_नेवासेवाला

ताई, हे फार म्हणजे फार कामाचं आहे. ते "साळंत" तर आमची आजी पण म्हणायची आणि मला वाटायचं म्हातारीचा घोळ होतोय!! रजिस्टरचे फोटो मी छापणारच होतो, बरं झालं सांगितलंत.

तलावपाळीवाले दादा, विचारलं फोनवर. चुलत आजोबा म्हणाले आधी चिंचेखाली बसायचे, चिंच आता नाहीये, रस्त्यात गेली.

---

सातबारा_रिटायर

मी महसूल खात्यात नोकरी केली, ठाणे जिल्ह्यात, आता निवृत्त. माझा चर्चशी काही संबंध नाही पण जागेचा कागद खोटं बोलत नाही (बोलतो, पण कमी) म्हणून सांगतो.

जागा गावठाणात असेल तर सातबारा नसणार, उगाच तलाठ्याकडे हेलपाटे घालू नका. ग्रामपंचायतीत नमुना ८ मागा, आकारणी रजिस्टर, त्यात मिळकत कोणाच्या नावे, बांधकाम कशाचं, माती का दगड का पक्कं, हे लिहिलेलं असतं. जुनी रजिस्टरं मिळाली तर पत्रे कधी आले आणि स्लॅब कधी आला ते तिथंच कळेल. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि त्यावर जे फेरफार नंबर गोलात लिहिलेले असतात ते एकेक मागे मागे जात काढायचे. जुन्या अभिलेखांचे स्कॅन आता बऱ्याच तालुक्यांचे ऑनलाइन मिळतात, कळव्यात बसून बघा आधी. जागा वतनाची असेल, वरच्या ताईंनी म्हटलं तसं महारवाड्यातली, तर १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याची नोंद कुठंतरी दिसेल, तिथं थांबून नीट वाचा, त्यात मूळ वहिवाटदारांची नावं असतात आणि ते तुमचेच पूर्वज निघण्याची शक्यता आहे.

दुसरं म्हणजे धर्मादाय आयुक्त. १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली ट्रस्टची नोंद झाली की अनुसूची एकमध्ये मिळकत चढते. ठाण्याच्या ऑफिसात मिळणार नाही, नगरला जावं लागेल किंवा ट्रस्ट जिथं नोंदलाय तिथं. आणि ट्रस्ट तुमच्या गावच्या नावाने नसेल, मिशनच्या सगळ्या जागांचा मिळून एखादा मोठा ट्रस्ट असेल, त्याच्या यादीत तुमचं गाव एक ओळ असेल. ती ओळ शोधा. नक्कल अर्ज करून मिळते, वेळ लागतो, स्मरणिका कधी आहे? नाताळला असेल तर आजच अर्ज टाका.

---

ऐरोली_सेक्टर३

आमची मंडळी मराठी, ऐरोलीची, निम्मे लोक नगर-जालना-बीडचेच. तुमच्या उलट आमच्याकडे सगळा कागद आहे आणि इतिहास कोणाला माहीत नाही, हाहा.

सुरुवात एका फ्लॅटमधून, बेलापूर रोडच्या कंपन्यांत कामाला लागलेली चार-पाच कुटुंबं, हॉलमधे सतरंजी, चपला जिन्यात. मग सोसायटीत कुरबुर झाली, मग एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी भाड्याने, त्या शाळेने दर वर्षी भाडं वाढवत नेलं आणि एकदा तर ख्रिस्तजयंतीच्या आदल्या रविवारी सांगितलं की हॉल लग्नाला दिलाय. त्या दिवशी उपासना शाळेच्या गेटबाहेर फुटपाथवर झाली आणि माझ्या मते आमची मंडळी खरी त्या दिवशी झाली. पुढे सिडकोकडे प्लॉटसाठी अर्ज, फाइल, परत अर्ज, त्यात पाळक दोन बदलले. आता इमारत आहे, सकाळी आठला मराठी, साडेदहाला तमिळ, संध्याकाळी इंग्रजी, आणि चहाच्या भांड्यांवरून तिघांची भांडणं.

मुद्दा असा की तुम्ही लिहिताना "बांधकाम पूर्ण झाले" ह्या एका ओळीत मधली वर्षं गिळू नका. ती वर्षंच वाचायला मजा येते. पैसे कोणी दिले ते लिहा. आमच्या इथले लोक दर हंगामाच्या सणाला गावी पैसे पाठवतात, गावाकडच्या कितीतरी चर्चचा स्लॅब ऐरोली, कळवा आणि पिंपरीच्या पगारातून पडलाय. तुमचा पण तसाच असेल, बघा.

---

नगरची_लेक_ठाण्याची_सून

ऐरोलीवाले अगदी बरोबर. गावची मंडळी वाढली म्हणतो आपण, पण ती वाढून ठाण्यात आली. नाताळला मांडव घालावा लागतो तो आपण सगळे एसटीने जातो म्हणून, जूनमधल्या एखाद्या रविवारी जाऊन बघ किती डोकी असतात. ते पण लिही हिंमत असेल तर.

अजून एक राहिलं. ज्ञानोदय. १८४२ ला नगरलाच सुरू झालेलं पत्र, त्यात खेड्यातल्या मंडळ्यांच्या बातम्या यायच्या, नवी इमारत, पाळकाची बदली, कोण वारलं. जुने अंक कुठल्या जुन्या पाळकाच्या घरी नाहीतर ग्रंथालयात मिळतील. आणि अमेरिकन बोर्डाचे (मराठी मिशन चालवणारी संस्था) मूळ कागद हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत, तिथं आपण काय जात नाही, पण त्यांच्या मासिकाचे जुने अंक स्कॅन झालेले नेटवर आहेत. शोधताना गावाच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगं पाच-सहा प्रकारे टाकून बघ, नगरचंच "नग्गर" केलेलं असायचं त्यांनी, नेवाशाचं काय केलं असेल देव जाणे.

आणि नावं बदलत गेली ते लक्षात ठेव. मराठी मिशन, मग १९२४ पासून संयुक्त मंडळी, मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सगळ्यांची एकी होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. दर वेळी कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेले. तुमचं रजिस्टर अर्धं असेल तर उरलेलं वाळवीनेच खाल्लं असं नाही, जुन्या ऑफिसात पडलेलं असू शकतं.

---

तलावपाळी_बाजूला

हे कपाटांचं आमच्याकडे पण सेम! साष्टीत कितीतरी वर्षं काही चर्चं गोव्याच्या पोर्तुगीज बाजूच्या बिशपकडे आणि काही रोमने नेमलेल्या बिशपकडे, १९२८ पर्यंत चाललं हे, शेजारशेजारच्या दोन आळ्या दोन वेगळ्या चर्चला. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा एका चर्चच्या वहीत आणि लग्न दुसऱ्या, मधे अंतर दहा मिनिटांचं. मी दोन वर्षं चुकीच्या चर्चमधे शोधत होतो.

---

कळवेकर_नेवासेवाला

अपडेट. शनिवारी गावी जाऊन आलो, कल्याणवरून एसटी, पाय मोडले.

टॉर्चची आयडिया जबरी. रात्री नऊला मी, चुलतभाऊ आणि गावातली आठ-दहा पोरं, कुत्री वेगळी. तिरका उजेड मारला आणि अक्षरं उठली की राव. सालाचे शेवटचे दोन आकडे गेलेत, "१९" तेवढं स्पष्ट आहे. पण वरच्या ओळीत चर्च नाहीच. "शाळा" आहे! मराठी मिशन शाळा. म्हणजे ती दगडी इमारत पण शाळाच, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं शाळेच्या कोनशिलेला हार घालत होतो.

ताई तुम्हाला दंडवत.

दुसरं म्हणजे आत्याच्या ट्रंकेत वर्गणीची वही मिळाली, दगडी इमारतीच्या दुरुस्तीची, पत्रे बदलले तेव्हाची. अक्षर सुंदर आहे, मास्तरचं असणार. पैशाच्या नोंदी थोड्या, बाकी सगळं वस्तू आणि अंगमेहनत. अमक्याची ज्वारी दोन पायली, तमक्याची कोंबडी, एकाने बैलगाडी तीन दिवस. एका पानावर हंगामाच्या लिलावाचा हिशेब, त्यात एकच भोपळा चार वेळा विकलाय, घेणारा परत दान करतोय आणि परत बोली लागतेय, शेवटी तो कोणी नेला ते लिहिलेलंच नाही. आणि शेवटच्या पानावर नुसतं, "चुन्यास पाणी, बाया ५, मजुरी घेतली नाही." नावं नाहीत. आत्याला विचारलं कोण असतील, तिने तीन नावं लगेच सांगितली, एक तिची सासू, उरलेल्या दोन आठवत नाहीत म्हणाली, रात्री तीनला मला उठवून चौथी सांगितली. पाचवी अजून शोधतोय. पाळकांची यादी शेवटच्या पानावर टाकणार आणि सुरुवात ह्या पाच बायकांपासून करणार, बघू कमिटी काय म्हणते.

सातबारा साहेब, नमुना ८ चा अर्ज दिलाय, ग्रामसेवक म्हणाले पुढच्या आठवड्यात.

कमिटीच्या मोठ्या वडिलांना कोनशिलेचं सांगितलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बॅनर छापून झालाय. चर्च शताब्दी महोत्सव. बारा बाय आठचा. आता शाळा म्हणतोस?" मी म्हटलं काका "चर्च"वर पट्टी चिकटवू, "मंडळी" लिहू, मंडळी तर तेव्हा पण होतीच. ते म्हणाले मंडळीची मग शंभरच का, जास्त नाही का भरणार. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचार करून सांगतो म्हणाले आणि पट्टीचे पैसे माझ्या नावावर लिहून घेतले.

---

गप्पबस्या

फोटो टाका की कोनशिलेचा.